पन्नास दिवसांचा मार्शल लॉ आणि तारेच्या आतला माणूस

सोलापूर शहराचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात घेतले जाते ते १९३० सालच्या मार्शल लॉसाठी. १२ मे १९३० रोजी शहर लष्कराच्या ताब्यात गेले आणि ३० जूनपर्यंत ते लष्कराच्या हुकुमाने चालले. या पन्नासएक दिवसांवर आपल्याकडे स्मरणिका निघाल्या, शाळाशाळांतून भाषणे झाली, चौकात पुतळे उभे राहिले, पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या गाडीला 'हुतात्मा एक्सप्रेस' असे नाव मिळाले. हे सर्व योग्यच झाले. परंतु या सबंध स्मरणात एक मोठी पोकळी आहे, आणि ती पोकळी नुसत्या विस्मरणाने पडलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. ज्या शहराने सभाबंदी, संचारबंदी, झेंडाबंदी आणि लेखनबंदी पन्नास दिवस सोसली, त्याच शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात माणसांची एक वस्ती होती. या सर्व बंद्या तिथे मार्शल लॉ येण्याच्या आधी होत्या, तो असताना होत्या आणि तो उठल्यावरही होत्या. त्या वस्तीला शहर 'सेटलमेंट' म्हणत होते. आजही म्हणते.

आधी ज्ञात इतिहास थोडक्यात सांगतो. ५ मे १९३० रोजी गांधींना अटक झाली. सोलापूर हे गिरण्यांचे शहर. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस उगवत आणि मावळत असे. अटकेच्या बातमीने गिरणगाव रस्त्यावर आला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून धरपकड झाली, जमाव जमला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग जमाव बिथरला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळली, पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. त्यानंतरचे तीन-चार दिवस शहरात सरकार म्हणून काही उरले नाही आणि लोकांनीच शहराचा कारभार पाहिला. १२ मे रोजी लष्कर आले. पुढे चौकीवरील पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

या पन्नास दिवसांत काय बंद होते? माणसे जमणे बंद होते. रात्री बाहेर पडणे बंद होते. तिरंगी झेंडा बंद होता. डोक्यावर गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला होता. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे यांना छापल्या मजकुराबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी आणि वर जबर दंड झाला. फाशी गेलेले कुर्बान हुसेन हेदेखील 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत होते आणि गिरणी कामगारांत काम करीत होते. सभा, संचार, चिन्ह आणि अक्षर या चारांवर लष्करी सत्तेने बोट ठेवले. कारण माणसे एकत्र आली, हिंडली, एका खुणेखाली उभी राहिली आणि लिहू-वाचू लागली की राज्य हलते, हे कोणत्याही लष्करी अधिकाऱ्याला पुस्तक न वाचता कळते.

आता तारेच्या आत जाऊ.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यात आला आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले. या कायद्याची रीत अशी होती : सरकारने एखाद्या जमातीला 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करावयाचे. जाहीर झाले की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाची नोंद करावयाची, त्याच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे, त्याने ठरावीक वेळी हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवानगीचा पास घ्यावयाचा. सरकारला वाटल्यास सबंध जमात उचलून औद्योगिक वा शेतकी वसाहतीत डांबावयाची, आणि मुले आईबापांपासून तोडून निराळ्या शाळेत ठेवावयाची. सोलापूरची सेटलमेंट ही अशी वसाहत होती. काही वर्षे तिची देखरेख अमेरिकन मराठी मिशनकडेही होती. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तीत आणून ठेवली होती. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा आपल्यापुरता काढला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. म्हणजे सोलापूर शहराने पन्नास दिवस जे सोसले ते या माणसांनी तीन दशकांहून अधिक काळ सोसले.

हा नुसत्या दिवसांचा हिशेब नव्हे. दिवसांचा हिशेब मांडून कोणाचे दुःख मोठे हे ठरविण्याची दुकानदारी आपण करू नये. चौघे फासावर गेले त्यांच्यापुढे तर मुळीच करू नये. प्रश्न दोन कायद्यांच्या जातकुळीचा आहे. मार्शल लॉने टोपी गुन्हा ठरविली. टोपी काढता येते. ती न काढण्यात ज्याचे शौर्य होते त्याने ती काढली नाही आणि शिक्षा भोगली. ते त्याचे शौर्य इतिहासाने नोंदविले. सेटलमेंटच्या कायद्याने जन्म गुन्हा ठरविला. कैकाड्याच्या पोटी जन्मलेल्या पोराने काय काढून ठेवावे म्हणजे तो सुटेल? आणि न काढल्याबद्दल कोणी त्याला शूर म्हणावे? त्याच्यापुढे निवड नव्हतीच. जिथे निवड नाही तिथे हौतात्म्यही नाही, आणि हौतात्म्य नाही म्हणून पुतळा नाही, असा हा सरळ व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट न्यायालयाची. मार्शल लॉखाली शिक्षा झालेल्यांचे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश ब्यूमाँट यांच्यापुढे लष्करी अंमलाच्या कायदेशीरपणाचा विचार झाला. सोलापुरात खरोखर लष्कराची गरज होती काय, किती होती, कोठपर्यंत होती, हे प्रश्न वकिलांना निदान उच्चारता आले. सेटलमेंटमधल्या माणसाला ही वाट कायद्यानेच बुजविली होती. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने जाहीर केले तर त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका घ्यावयाची नाही, असे त्या कायद्यातच लिहिलेले होते. लष्करी अंमलात कायदा निजतो असे म्हणतात. येथे कायदा टक्क जागा होता, आणि हा पहारा त्याचाच होता.

तिसरी गोष्ट गिरणीची, आणि सोलापूरच्या संदर्भात ती सर्वांत महत्त्वाची आहे. सेटलमेंट वसविताना सुधारणेची भाषा फार झाली. भटक्या माणसाला घर मिळेल, धंदा मिळेल, मुलांना अक्षर मिळेल. यातले थोडे खरेही झाले. सोलापुरातल्या काही घरांत पहिले अक्षर तिथूनच आले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती वसाहत गिरण्यांच्या शहराशेजारी का, हे विचारल्यावाचून ही सुधारणा कळत नाही. गिरणीला हात हवे होते, आणि हे हात पळून जाणारे नव्हते. सकाळी भोंग्याला आत, सुटी झाली की कुंपणात, मध्ये हजेरी. बाहेरचा विणकर पद्मशाली असो, मराठा असो, मुसलमान असो वा महार असो, पगार पटला नाही तर संप करीत होता. १९२० आणि १९३४ सालचे सोलापूरचे गिरणी संप प्रसिद्ध आहेत. हजेरीतल्या कामगाराने संप कसा करावा? कामावर न जाणे म्हणजे मालकाशी भांडण नव्हे, सरकारी कायद्याचा भंग. युनियनच्या सभेला जाणे म्हणजे पासाशिवाय कुंपणाबाहेर राहणे. सभास्वातंत्र्याचा खरा अर्थ काय हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने घटनेच्या पुस्तकाआधी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सभास्वातंत्र्य म्हणजे टिळक चौकात भाषण ठोकण्याची मुभा एवढेच नाही. शेजारच्या साच्यावरच्या माणसाबरोबर गिरणीच्या दाराबाहेर दोन घटका उभे राहून 'आज जाऊ नये' असे म्हणता येणे, हे सभास्वातंत्र्य होय. ते नसले की मजुरी ठरविणारा एकटाच उरतो.

यावरून एक प्रश्न निघतो. ९ ते १२ मे या दिवसांत शहरात लोकांचे राज्य होते, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या दिवसांत सेटलमेंटची हजेरी थांबली काय? लोकांच्या राज्याने ती तार लोकांच्या बाजूची मानली की विरुद्ध बाजूची? सोलापूरच्या मार्शल लॉचा इतिहास लिहिणाऱ्याच्या पहिल्या प्रकरणात हा प्रश्न यावयास हवा. तो न विचारता लिहिलेला इतिहास शहराच्या नकाशावर एक जागा पांढरी सोडून लिहिलेला इतिहास आहे.

आणि १९३० हेच साल का, हेही पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी १२ मार्चला दांडीयात्रा निघाली. त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, नाशिकला काळाराम मंदिराच्या दारी अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला होता. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून सत्याग्रहींवर दगड पडले. पुढे एका महिन्यात सोलापूर पेटले. एकाच इलाख्यात, एकाच मोसमात माणसे रस्त्यावर उतरत होती. मिठासाठी उतरली ती राष्ट्रीय ठरली आणि देवळाच्या दारात उतरली ती भांडखोर ठरली. महाडला तर सैन्य लागले नाही, पोलीसही फारसे लागले नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेला आलेल्या हजारोंना तळ्याकडे पाऊल टाकू न देण्यासाठी सवर्णांनी दिवाणी न्यायालयाकडून आणलेला तात्पुरता मनाई हुकूम पुरला; त्या दाव्याचा अंतिम निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. लष्कराच्या बुटांचा आवाज मोठा असतो म्हणून तो ऐकू येतो. गावाच्या मनाईला आवाज नसतो.

त्याच मार्च १९३० मध्ये आणखी एक कागद तयार झाला. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा तो अहवाल. डॉ. आंबेडकर आणि डॉ. सोळंकी या समितीचे सभासद होते. अध्यक्ष होते स्टार्ट नावाचे अधिकारी. हे स्टार्ट कोण? तर मुंबई इलाख्यातील गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार ज्यांच्या हाती होता तेच. पुढे मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते निघाले तेव्हा त्याची सूत्रेही त्यांच्याकडे आली आणि सेटलमेंटचे काम त्याच खात्यात गेले. माणूस म्हणून स्टार्ट वाईट होते असे मला म्हणावयाचे नाही. त्यांच्या समितीमुळे अस्पृश्यांच्या शिक्षणाला काही वाट मिळाली, आणि आंबेडकरांनी त्या समितीत बसून काम केले ते डोळसपणेच केले असणार. पण एकाच टेबलावर डाव्या हाताला वसतिगृहांची फाईल आणि उजव्या हाताला हजेरीची फाईल, हे दृश्य आपल्या समाजकल्याणाच्या जन्मखुणांपैकी एक आहे. कल्याण आणि पाळत यांची ही सोयरीक पुढेही पुष्कळ टिकली.

आता साहित्याकडे वळतो, कारण हे पान साहित्याचे आहे.

राजवाड्यांच्या 'कर्मयोगी'ला शिक्षा झाली ती १९३० साली. त्यांच्याजवळ पत्र होते, छापखाना होता, वाचक होता. म्हणून त्यांचे बोलणे बंद करावे लागले. तारेच्या आतल्या माणसाचे बोलणे बंद करावे लागलेच नाही, कारण ते छापले जाण्याच्या जवळपासही पोचले नव्हते. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले १९८० साली. मध्ये पन्नास वर्षे गेली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा करणारे आपले विद्वान जप्त झालेल्या पुस्तकांची यादी करतात. लिहिलीच न गेलेल्या पुस्तकांची यादी कोण करणार? पन्नास वर्षे हा काही योगायोगाचा आकडा नाही. पहिल्या पिढीचे अंगठे कायद्याने घेतले, दुसऱ्या पिढीला पाटी मिळाली आणि तिसरीने लेखणी धरली. जप्ती एका रात्रीत होते. ही जप्ती दोन पिढ्या चालली.

त्या आधी हजेरी मराठी कादंबरीत आली ती अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त, १९५९ साली. 'फकिरा'वर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात शौर्य, निष्ठा, भाषेचा जोम, लोककथेचे वळण यांची चर्चा पुष्कळ आहे. पण 'फकिरा' ही सभाबंदीची आणि संचारबंदीची कादंबरी म्हणून वाचली गेली पाहिजे. तीतल्या मांगांवर लादलेली हजेरी ही घटना कथानकाच्या सोयीसाठी आलेली नाही. ज्याला दिवसातून अनेक वेळा अमुक ठिकाणी उभे राहून 'मी आहे' असे सांगावे लागते, त्याला मजुरीला दूर जाता येत नाही. मजुरीला जाता आले नाही की चूल विझते. चूल विझली की तो चोरी करतो. चोरी केली की त्याची जात चोर असल्याचा पुरावा तयार होतो. कायदा स्वतःला लागणारा गुन्हेगार स्वतःच घडवितो, हे अण्णा भाऊंनी कोणताही प्रबंध न लिहिता दाखविले. स्वतः अण्णा भाऊ त्या जातीत जन्मले होते. हजेरी त्यांना ग्रंथालयात सापडलेली नव्हती. आपल्या समीक्षेने त्यांना स्वच्छंदतावादी ठरवून बाजूला ठेवले. ज्या काळात 'फकिरा' आली त्या काळातला मध्यमवर्गीय समीक्षक आपल्या शहराबाहेरच्या तारेजवळून रोज सायकलवरून जात असेल, तर त्याला यातला वास्तववाद दिसावयाला हवा होता.

'उपरा' निराळ्या कारणासाठी येथे आठवते. तार तुटल्यानंतरचे जग त्या पुस्तकात आहे. कैकाड्याच्या पाठीवर बिऱ्हाड आहे, पोराला शाळेत घालणारा बाप आहे, आणि त्याच्या बरोबरीने जातपंचायत आहे. शहराच्या मार्शल लॉची निंदा करणे सोपे आहे. आपल्याच वस्तीत पंच बसतात, माणसाला वाळीत टाकतात, त्याने कोणाशी लग्न करावे आणि कोणाच्या पंगतीला बसावे हे ठरवितात. तिथे तर अपिलाला उच्च न्यायालयही नाही. माने यांनी हे लिहिले म्हणून त्यांच्यावर आपल्याच लोकांनी राग धरला. हा राग धरणारांना सेटलमेंटच्या मॅनेजरचा राग येत होता काय, हे त्यांनी स्वतःला विचारावे. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला तो २०१६ मध्ये. इतका उशीर लागण्यात सरकारची दिरंगाई आहे, तशी चळवळीचीही थोडी आहे. बाहेरच्या तारेविषयी बोलणारा लेखक आतल्या पंचांविषयी गप्प राहिला तर त्याचे स्वातंत्र्य अर्धे आहे, असे म्हणावे लागते.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'चे (१९८७) महत्त्व आणखी वेगळे. 'उचल्या' हा शब्द समाजाने शिवी म्हणून दिला होता, त्यांनी तो पुस्तकाचे नाव म्हणून छापला. पोलिसाच्या नोंदवहीत जी जात म्हणजे एक गुन्हा होता ती येथे एक घर झाली. त्या घरात आजोबा, आई, भाऊ, भूक, सूतगिरणीतली नोकरी आणि कामगारांची चळवळ आहे. गिरणी पुन्हा येते हे लक्षात घ्यावे. सेटलमेंटने ज्याला गिरणीत हजेरीने बांधले, त्याचाच भाऊबंद पुढे गिरणीच्या दारात कामगार म्हणून बोलू लागतो. सोलापूरच्या तारेआड जे वाक्य उच्चारता येत नव्हते ते लातूरकडच्या या पुस्तकात उच्चारले गेले. मला 'उचल्या'त काही ठिकाणी घाई दिसते, प्रसंगांची रांग लागते आणि मधला विचार राहून जातो. पण पन्नास वर्षे मागे राहिलेल्याने घाई केली तर त्याला 'शांतपणे सांग' म्हणणे मला जमत नाही.

आपल्या साहित्यिकांना स्वातंत्र्याचा प्रश्न खडबडून जागवितो तो केव्हा, याचाही येथे विचार करावा. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली. ते धैर्य खरे होते. पण आणीबाणीवर नंतर जे मराठी साहित्य आले त्यात एक सूर सारखा ऐकू येतो : 'असे आपल्या देशात कधी घडले नव्हते.' परवानगीवाचून गाव सोडता न येणे, चार माणसे जमली की पोलीस येणे, आरोप न सांगता उचलून नेणे, हे पारध्याच्या पालावर कधी घडत नव्हते ते सांगा. जून १९७५ ते मार्च १९७७ या एकवीस महिन्यांत पांढरपेशा माणूस जे पहिल्यांदा शिकला ते दुसऱ्या कोणाला तरी पाळण्यात शिकविले जात होते. ज्याला बोलण्याची सवय आहे त्याचा आवाज दाबला की शांतता झाली असे वाटते. ज्याचा आवाज कधी आलाच नाही त्याची शांतता ही गावाची नेहमीची शांतता समजली जाते. दोन्हींना एकच नाव द्यावे असा माझा आग्रह आहे. १९३० चा मार्शल लॉ आणि सेटलमेंट यांचाही संबंध हाच.

कोणी म्हणेल, हा जुना हिशेब आता कशाला? कायदा जाऊन सत्तर वर्षे झाली. कायदा गेला तेव्हा काय झाले तेही पाहू. गुन्हेगार जमाती गेल्या आणि 'सराईत गुन्हेगार' आले. त्यांच्यासाठी मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. शब्द बदलला, ठाण्यातली वही बरीचशी तीच राहिली. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके होते. त्यांचा अहवाल २००८ साली सादर झाला. पुढे इदाते आयोगाचाही झाला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिवाचक तरतुदी रद्द कराव्या लागल्या. त्या नियमांत विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मानेच सराईत समजण्याची जुनी खोड होती. न्यायालयाने ती २०२४ साली काढावयास सांगितली, म्हणजे ती २०२४ पर्यंत तिथे होती.

सोलापुरात तारेच्या बाहेर काढलेल्या, 'वर्तणूक सुधारलेल्या' कुटुंबांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यांना फ्री कॉलनी म्हणत. आजही पत्त्यावर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आणि पुढे क्रमांक असे लिहिले जाते. शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही पेठेला आपण मोकळे आहोत असे पाटीवर लिहावे लागलेले नाही. मंगळवार पेठ नुसती मंगळवार पेठ आहे. हा पत्ता नोकरीच्या अर्जावर लिहिताना पोरांचा हात अडखळतो, आणि काही घरे तो बदलून लिहितात.

दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी हार घातले जातात. ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाचा कार्यक्रम होतो तो वस्तीत होतो. त्याचा मांडव निराळा, वक्ते निराळे, श्रोते निराळे. गिरणी कामगारांत राहून पत्र चालविणाऱ्या कुर्बान हुसेनचे नाव या दुसऱ्या मांडवातही घेता येईल, आणि हजेरीच्या वहीतील माणसांविषयी पहिल्या मांडवात बोलता येईल. त्यासाठी आधी त्या वह्या हाती याव्या लागतील. वसाहतींच्या नोंदी, पासांची पुस्तके, मॅनेजरचे शेरे, शाळेचे दाखले, गिरण्यांच्या मस्टरवरची नावे, यातले जे सरकारी दप्तरात आणि जुन्या पेट्यांत उरले असेल ते गोळा करण्याचे काम सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. ज्यांनी लहानपणी आईबापांबरोबर हजेरीच्या रांगेत उभे राहून आपले नाव ऐकले, ती माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत.